मापाची खुर्ची

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला खुर्चीत बसवायचे तर आधी कंबर सांभाळावी लागते. कंबर एका बाजूला कलली की कणा वाकतो, कणा वाकला की मान पडते, आणि मान न धरणाऱ्या मुलाला पेजेचा घोटही ठसकतो. अन्न श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनियाची भीती. फिरणे पुढची गोष्ट. या मुलांना खुर्ची लागते ती जेवायला, नीट श्वास घ्यायला, समोरच्याकडे बघायला.

माप घ्यायला दोन माणसे लागतात. मुलाला टणक बाकावर बसवून एकाने धरायचे, दुसऱ्याने मोजायचे. बैठक गुडघ्यामागच्या खळगीच्या दोन बोटे अलीकडे संपली पाहिजे. मग हात लावून पाहायचे. जे हलक्या हाताने सरळ होते, ते आधार देऊन सरळ धरायचे. जे होत नाही, त्याच्याशी झगडायचे नाही, बैठकीतच त्याला जागा करून द्यायची. खरे कसब इथेच आहे. बैठकीची पुढची बाजू थोडी उंच ठेवली की मूल घसरत नाही. पट्टा पोटावर नको, मांडीच्या सांध्यावर तिरका हवा. पायांखाली भक्कम फळी हवीच. पाय लोंबकळले की अंग आणखी ताठ होते.

मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे. मिथू आलूर यांनी सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी स्पास्टिक्स सोसायटी 1972 मध्ये तिथेच सुरू केली. पण पुणे जिल्ह्यात भोरच्या हिरडस मावळातून किंवा वेल्ह्याच्या तोरण्याखालच्या वाडीतून मुलाला कडेवर घेऊन मुंबई गाठायची, तीही वाढत्या अंगाबरोबर पुन्हा पुन्हा, हे आईच्या आवाक्यातले नाही. दिव्यांगांना साधने देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून कानपूरच्या अ‍ॅलिम्कोची सीपी (सेरेब्रल पाल्सी) चेअर मिळते. ती उपयोगाची आहे, पण बसवून, जुळवून दिली तरच.

मेक्सिकोतल्या एका खेड्यात अपंग कामगारांनीच लाकूड, पुठ्ठा वापरून अशा बैठका बनवल्या. डेव्हिड वर्नर यांनी ते काम 1987 च्या पुस्तकात चित्रांसह मांडले. आपल्याकडे प्लायवूड, फोम आणि सुतार प्रत्येक बाजारपेठेत आहेत. कमतरता आहे ती माप घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या फेरीची. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. भोर-वेल्ह्यातल्या सरपंचांनी त्यातून ही फेरी आणि सुताराची मजुरी द्यावी, आणि दर सहा महिन्यांनी त्याच मुलाचे माप पुन्हा घ्यायला लावावे.