हाचिनोहेची काओरी इचो : चार सुवर्णांची कुस्ती

18 ऑगस्ट 2016. रक्षाबंधनाची पहाट. रिओमध्ये तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, आणि भारतात जागे राहिलेले सगळे डोळे साक्षी मलिककडे लागले होते. किर्गिझस्तानच्या आयसुलू तिनिबेकोवाविरुद्ध ती 0-5 अशी मागे पडली होती. तिथून तिने 8-5 अशी कुस्ती मारली आणि भारताच्या महिला कुस्तीला ऑलिम्पिकचं पहिलं पदक मिळालं. तो आनंद एवढा मोठा होता की त्याच 58 किलो वजनगटाच्या अंतिम लढतीत काय घडलं, याकडे आपल्यापैकी फार थोड्यांचं लक्ष गेलं.

लक्ष जायला हवं होतं. साक्षीला उपांत्यपूर्व फेरीत 9-2 ने हरवणारी रशियाची वालेरिया कोब्लोवा अंतिम फेरीत पोचली, म्हणूनच साक्षीला रेपेचेजचं, म्हणजे कांस्यपदकाच्या दुसऱ्या संधीचं, दार उघडलं. त्या अंतिम फेरीत कोब्लोवासमोर उभी होती 32 वर्षांची जपानी मल्ल काओरी इचो. तिच्या गळ्यात तोवर तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं पडली होती.

कुस्ती रंगली ती कमी गुणांची. इचोला पहिला गुण मिळाला तो कोब्लोवाच्या निष्क्रियतेबद्दल. मग कोब्लोवाने ताबा घेत दोन गुण कमावले आणि 2-1 अशी आघाडी घेतली. दुसऱ्या फेरीत घड्याळ उतरत गेलं, तरी फलक हलेना. अखेरच्या काही सेकंदांत कोब्लोवा पायाला भिडली. आघाडीवर असलेल्या मल्लाने असं करायला नको होतं, असं आज वाटतं, पण समोर इचो असताना नुसतं थांबून राहणंही सोपं नव्हतं. इचोने कंबर मागे टाकली, पायावरची पकड सोडवली आणि वळसा घालून ती पाठीवर गेली. दोन गुण. 3-2. मग घड्याळ संपलं.

सलग चार ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती जगातली पहिली महिला खेळाडू ठरली. एका कुस्तीपुरतं नव्हे, सगळ्या खेळांत मिळून. पुढे पॅरिसमध्ये जलतरणपटू केटी लेडेकीने 800 मीटर फ्रीस्टाइलमध्ये तशीच कामगिरी केली. चार ऑलिम्पिक सुवर्णं मिळवणारा कुस्तीतला पहिला मल्लही इचोच, पुरुष धरूनसुद्धा. क्यूबाच्या मिहाईन लोपेझने ग्रीको-रोमनमध्ये तिला गाठलं ते टोकियोत, आणि 2024 मध्ये पाचवं सुवर्ण घेऊन तो पुढे गेला.

एवढं असूनही तिचं नाव आपल्याकडे फारसं कानावर येत नाही. याचं एक कारण तिच्याच देशात सापडतं. तिच्याच काळात, तिच्याच संघात साओरी योशिदा होती: तीन ऑलिम्पिक सुवर्णं, तेरा जागतिक विजेतेपदं, वेगवान पट काढण्यात हातखंडा आणि कॅमेऱ्यासमोर मोकळं हसणं. योशिदाभोवती प्रसिद्धीचं वलय होतं. इचो कमी बोलायची आणि लढत जिंकूनही बहुतेक वेळा तिचं समाधान झालेलं नसायचं. रिओतल्या त्या लढतीबद्दलही, कुस्ती म्हणून पाहिलं तर आपण नापासच झालो, असं तिचं मत होतं. काही जणांनी याला विनय म्हटलं. तिची सगळी कारकीर्द समोर ठेवली की तसं वाटत नाही. तिला खरोखरच कुस्ती शिकायची होती, आणि पदकं त्या वाटेवर मिळत गेली.

काओरीचा जन्म 13 जून 1984 चा, जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला असलेल्या आओमोरी प्रांतातल्या हाचिनोहे या बंदराच्या गावचा. थोरला भाऊ आणि तीन वर्षांनी मोठी बहीण चिहारू यांच्या मागोमाग ती अगदी लहानपणी मॅटवर आली. पुढे शालेय वयातच घर सोडून ती आइची प्रांतात, चुक्यो महिला विद्यापीठाच्या छत्राखाली दाखल झाली. आजचं शिगाक्कान विद्यापीठ ते हेच. प्रशिक्षक काझुहितो साकाए यांच्या हाताखालची ही तालीम म्हणजे जपानी महिला कुस्तीची टांकसाळच होती.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण जपानच्या कुस्तीशी महाराष्ट्राचं एक जुनं नातं आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात, म्हणजे 57 किलोत, कांस्यपदकाचे मानकरी ठरले. त्या मंचावर सर्वांत वर उभा होता जपानचा शोहाची इशी. महायुद्धानंतरचं जपानचं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. दोन्ही देशांची सुरुवात एकाच मंचावरून झाली. वैयक्तिक खेळातलं पुढचं पदक मिळवायला भारताला 1996 उजाडलं आणि कुस्तीतलं मिळवायला 2008. जपानने मात्र त्या सुवर्णाच्या पाठीमागे शाळा, विद्यापीठं, कंपन्यांचे संघ आणि गावोगावचे मुलांचे क्लब उभे केले. काओरी इचो त्याच व्यवस्थेतून वर आली.

महिलांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा नॉर्वेत 1987 साली झाली, पण ऑलिम्पिकचं दार उघडायला 2004 यावं लागलं. अथेन्समध्ये महिलांना चारच वजनगट मिळाले. त्यांतल्या दोन गटांत या बहिणी होत्या: 48 किलोत चिहारू, 63 किलोत काओरी. दोघींचं स्वप्न एकच होतं, दोन बहिणींची दोन सुवर्णं. चिहारू युक्रेनच्या इरिनी मर्लेनीकडून अंतिम फेरीत हरली. त्याच दिवशी काओरीने अमेरिकेच्या सारा मॅकमॅनला 3-2 असं हरवलं.

मग चार वर्षं पुन्हा तेच स्वप्न. बीजिंगमध्ये 16 ऑगस्ट 2008 ला चिहारूची अंतिम लढत कॅनडाच्या कॅरोल ह्युनशी झाली, आणि ती पुन्हा हरली. दुसऱ्या दिवशी काओरीने रशियाच्या आल्योना कार्ताशोवाला हरवून दुसरं सुवर्ण घेतलं. तेव्हा ती होती 24 वर्षांची, गळ्यात सुवर्णपदक होतं, आणि बहीण सोबत नसेल तर कुस्तीही नको, असं तिच्या मनाने घेतलं होतं. दोघी बहिणी कॅनडाला गेल्या. 2009 ची जागतिक स्पर्धा काओरीने सोडली.

ती परतली ती वेगळी होऊन. चिहारू शिक्षिका झाली. काओरीने आइची सोडून टोकियो गाठलं आणि तिथे पुरुष मल्लांबरोबर सराव सुरू केला. अथेन्समध्ये 55 किलोचं कांस्य मिळवलेले चिकारा तानाबे तिला शिकवू लागले. आपल्याकडे ज्यांनी तालीम जवळून पाहिली आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. जिंकत असलेला मल्ल सहसा वस्ताद बदलत नाही, डाव बदलत नाही, खुराकही बदलत नाही. दोन ऑलिम्पिक सुवर्णं घेतलेल्या इचोने सगळंच बदललं. पुरुषांच्या ताकदीपुढे तिचं बळ पुरणार नव्हतं. तिथे कामाला येणार होतं ते हाताचं बोट-मनगट कसं धरायचं, समोरच्याचा तोल कुठल्या पायावर आहे, तो पट काढायला वाकण्याआधी त्याचा खांदा किती हलतो, हे शास्त्र. पकडीच्या आधीची ही झटापट पाहणाऱ्याला कंटाळवाणी वाटते, पण इचोच्या कुस्तीचा जीव तिथेच होता. रिओच्या अखेरच्या सेकंदांत कोब्लोवाची पकड सुटली, तेव्हा या सरावाची वर्षं तिच्या पाठीशी होती.

नियम बदलले तरी तिचं काही अडलं नाही. अथेन्सची पद्धत वेगळी होती. बीजिंग आणि लंडनला दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, त्यांतल्या दोन जिंकायच्या. रिओला तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांची बेरीज. या तिन्ही पद्धतींत तिने सुवर्ण घेतलं, मला यात तिचं मोठेपण दहा जागतिक विजेतेपदांपेक्षाही जास्त दिसतं. लंडनला तर स्पर्धेच्या तोंडावर सरावात तिच्या डाव्या घोट्याला गंभीर दुखापत झाली होती. तशीच ती उतरली आणि चीनच्या जिंग रुईशुएला हरवून आली.

2003 पासून प्रत्यक्ष मॅटवर तिला कोणी हरवलं नव्हतं. 189 विजयांची ती साखळी जानेवारी 2016 मध्ये रशियातल्या क्रास्नोयार्स्कला, यारिगिन स्पर्धेत तुटली. मंगोलियाच्या ओर्खोन पुरेवदोर्जने तिला 10-0 असं तांत्रिक गुणाधिक्यावर हरवलं. ऑलिम्पिक सात महिन्यांवर आलेलं आणि तेरा वर्षांनी असा पराभव. याच ओर्खोनला साक्षीने रिओत रेपेचेजमध्ये 12-3 असं लोळवलं. साक्षीचं कांस्य किती कसाचं होतं, ते यावरून कळावं.

इचोच्या आईचं 2014 साली निधन झालं होतं. रिओच्या विजयानंतर तिने आईची आठवण काढली. शेवटच्या क्षणी तिनेच बळ दिलं, अशी तिची भावना होती. 2016 मध्येच जपान सरकारने तिला राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला.

इथे गोष्ट संपली असती तर सगळं सुरळीत वाटलं असतं. 2018 च्या सुरुवातीला जपानी कुस्ती हादरली. जुने प्रशिक्षक साकाए यांनी इचोला अधिकाराच्या जोरावर त्रास दिला, तिच्या सरावात अडथळे आणले, अशी तक्रार पुढे आली. त्यांनी सुरुवातीला इन्कार केला. त्रयस्थ समितीने एप्रिलमध्ये चार प्रसंगांत त्रास दिल्याचं मान्य केलं, आणि साकाए यांनी महासंघातलं पद सोडलं. आइची सोडून टोकियोला जाण्याची किंमत ती किती वर्षं मोजत होती, हे तेव्हा लोकांना समजलं. पाच वर्षांनी, 2023 मध्ये, दिल्लीच्या जंतरमंतरवर साक्षी आणि मल्ल विनेश फोगाट आंदोलनाला बसल्या. त्यांचे आरोप वेगळे आणि अधिक गंभीर होते. पण आंतरराष्ट्रीय पदक गळ्यात असलेल्या बाईलाही संघटनेपुढे स्वतःचं म्हणणं ऐकवायला इतकं झगडावं लागतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. त्याचा राग यायलाच हवा.

इचो पुन्हा मॅटवर आली. डिसेंबर 2018 मध्ये, 34 व्या वर्षी, अखिल जपान स्पर्धेच्या 57 किलो गटात तिने रिओची सुवर्णविजेती रिसाको कावाई हिला अंतिम फेरीत हरवलं. पाचव्या ऑलिम्पिकची चर्चा सुरू झाली. जून 2019 मध्ये रिसाकोने बाजी उलटवली. मग जुलैत दोघींची निर्णायक जोड लागली. 3-3 अशी बरोबरी झाली आणि निकषांवर रिसाको जिंकली. इचोची टोकियोची वाट तिथे थांबली.

4 ऑगस्ट 2021 ला रिसाकोची धाकटी बहीण युकाको हिने टोकियोत 62 किलोचं सुवर्ण घेतलं, साक्षीची जुनी प्रतिस्पर्धी तिनिबेकोवा हिला अंतिम फेरीत हरवून. दुसऱ्या दिवशी रिसाकोने 57 किलोचं जिंकलं. दोन बहिणी, दोन सुवर्णं. अथेन्स आणि बीजिंगला इचो बहिणींच्या हातून निसटलेली गोष्ट इचोला थांबवणाऱ्या मुलीच्या घरात आली.

महाराष्ट्रात 2023 साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने चांदीची गदा उचलली. गावोगावच्या तालमींत आता मुली येताहेत. मातीत उतरताहेत, मॅटवर उतरताहेत. त्यांना शिकवणाऱ्या वस्तादांना एक विनंती. रिओच्या त्या अंतिम लढतीचं चित्रण मिळवा आणि पोरींना दाखवा. शेवटचे सेकंद तेवढे दाखवू नका. पहिल्या मिनिटापासून दाखवा, आणि इचोच्या हातांकडे बघायला सांगा.