फोटोखाली नाव कोणाचे?

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांसोबत वर्षानुवर्षे एकाच साच्याचा फोटो छापला गेला. मधोमध पुढारी, हातात शासनाच्या १ लाखाच्या मदतीचा धनादेश, आणि कडेला मान खाली घातलेली विधवा. पुढाऱ्याचे नाव पदासह छापायचे, बाई मात्र ‘मृताची पत्नी’. हा फोटो नेमका कोणाचा आहे, हे सांगायला वकिलाची गरज नाही.

कॅमेरा पहिल्यापासूनच सत्तेच्या हातात होता. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे ८ खंड छापले. त्यांतील बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे आहे. हे खंड निघत असतानाच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. माणसाऐवजी नमुना पाहणारी नजर तीच. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, तरी पारध्याच्या बेड्यावर गाडी थांबते तेव्हा पोलिसांना फोटोच हवा असतो. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने तर फोटोसोबत डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद घेण्याचा अधिकार दिला.

बाबासाहेबांनी ही नजर उलटवली. ज्यांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसवले, त्यांचा सुटाबुटातला, हाती ग्रंथ घेतलेला फोटो आज वस्तीतल्या घराघरांत आहे. त्यात दयेची याचना नाही. एक फोटो माणसाची मान कशी ताठ करतो, हे आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही.

अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते याच रीतीने. वर्षानुवर्षे ते त्या कामगारांमध्ये वावरले. घाणीत उतरलेला माणूस त्यांच्या फोटोत घाणीचा भाग होत नाही, तो माणूसच राहतो. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण पुरस्काराने गटार स्वच्छ होत नाही. २०१३ च्या कायद्यानंतरही गटारात माणसे मेलीच, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने जिल्ह्यात सुमारे २० माणसे दगावली, शेकडो जण वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणि इतरत्र दाखल झाले. त्यांत स्वतःच्या शेतात फवारणारे होते, तसेच दुसऱ्याच्या शेतात रोजीने पाठीवर पंप घेणारे भूमिहीनही होते. मजुरांनीच काळजी घेतली नाही, अशी ओरड लगेच सुरू झाली. मुंबईचे छायाचित्रकार अतुल लोके यांनी स्वित्झर्लंडच्या ‘पब्लिक आय’ या संस्थेसाठी यवतमाळात येऊन फोटो काढले, आणि ‘सिंजेंटा’ कंपनीच्या देशातील लोकांनी आपल्या माणसांचे चेहरे पाहिले. पोलिसांच्या नोंदींत या कंपनीच्या ‘पोलो’शी जोडलेली विषबाधेची ९६ प्रकरणे होती, त्यांत २ मृत्यू. २०२० मध्ये ५१ कुटुंबांनी स्विस शासनाच्या यंत्रणेकडे तक्रार केली. दोन विधवा आणि एक बाधित बासेलला न्याय मागायला गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली.

फोटोमुळे दावा उभा राहिला असे मी म्हणणार नाही. दावा दवाखान्याच्या आणि पोलिसांच्या कागदांवर उभा राहतो. पण तो कागद कोणी उघडावा, अशी निकड फोटोने निर्माण होते.

आता आपल्याच कार्यकर्त्यांसाठी थोडे कडू. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडानंतर मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले. वृत्तपत्रे गप्प होती, म्हणून ते फिरवावे लागले, हे मान्य. त्या फोटोंनी समाज रस्त्यावर आणला. पण तेव्हापासून प्रत्येक अत्याचारात प्रेताचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर आणि फिर्याद नंतर ठाण्यात, असे होऊ लागले आहे. अशाने आपली मुले आपल्या माणसांना फक्त मेलेले पाहतात. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. हेतू चांगला होता म्हणून तो माफ होत नाही. पुराव्यासाठी काढलेल्या फोटोची मूळ फाईल आणि तो काढलेला मोबाईल जपून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीवर विरोधी वकील तुटून पडतो.

आणि जिवंतपणीच फोटो काढा. कोलाम पोडावरची म्हातारी, सालगडी, आशाताई, ग्रामपंचायतीचा झाडूवाला. आधी विचारा, नाही म्हणाले तर कॅमेरा खिशात घाला. कसे बसायचे, कोणते लुगडे नेसायचे, हे त्यांना ठरवू द्या. खाली पूर्ण नाव आणि गाव त्यांनी सांगितले तसेच लिहा. एक प्रत छापून त्यांच्या हातात द्या; मोबाईलवर दाखवून परत नेऊ नका. माणूस गेल्यावर आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर लावायला आधारकार्डावरचाच फोटो मोठा करून आणावा लागतो, आणि तोही सरकारी यंत्राने काढलेला असतो.