स्वतः बदललेला गेम स्वतःला खेळायला मजा येते का?



वर्गात गेमचा विषय निघाला की मुलं थांबता थांबत नाहीत. त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतो. "सर, जो माणूस गेममध्ये नवीन गाडी टाकतो, नवीन नकाशा बनवतो, तो स्वतः तो गेम खेळतो का हो? त्याला मजा येते का?" प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर एका शब्दात देता येत नाही. आज आपण तेच नीट समजून घेऊ या.

मॉड म्हणजे काय?

दुसऱ्याने तयार केलेल्या गेममध्ये आपण काही बदल करतो. कपडे बदलतो, नावं बदलतो, नवीन रस्ते टाकतो, कधी कधी तर नियमच बदलतो. अशा बदलाला 'मॉड' म्हणतात आणि तो करणाऱ्याला 'मॉडर'.

शब्द इंग्रजी असला तरी काम आपल्याला नवीन नाही. आमचं ओझर म्हणजे ओझर मिग. इथे टाउनशिपमध्ये मोठी मैदानं आहेत, तिथे मुलं मोठं क्रिकेट खेळतात. पण गावातल्या गल्लीत जागा कमी, मग नियम बदलतात. एक टप्पा एक हात आऊट. भिंतीला डायरेक्ट लागला तर आऊट. ज्याने मारला त्यानेच बॉल आणायचा. हे सगळे मॉडच की! मूळ खेळ तोच, आपल्या जागेप्रमाणे आणि आपल्या माणसांप्रमाणे बदललेला.

'क्रिकेट ०७' ची गोष्ट

आता कॉम्प्युटरवरचं उदाहरण घेऊ. आज जे तिशीत आहेत त्यांना 'क्रिकेट ०७' हा गेम नक्की आठवत असेल. ईए स्पोर्ट्स कंपनीने तो २००६ च्या शेवटी आणला. त्यानंतर त्या कंपनीने क्रिकेटचा पुढचा गेम काढलाच नाही. पण खरं क्रिकेट थोडंच थांबणार होतं? २००७ मध्ये पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक झाला, २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली. जुने खेळाडू निवृत्त झाले, नवीन आले. गेम मात्र २००६ मध्येच अडकलेला.

मग चाहत्यांनी स्वतःच कंबर कसली. खेळाडूंची नावं, चेहरे, जर्सी, बॅटवरची चित्रं, स्टेडियम, स्कोअरचा फलक असं सगळं बदलून त्यांनी 'पॅच' तयार केले. आयपीएलच्या नव्या हंगामाचा पॅच आला की कॉलेजच्या खोल्यांमध्ये पेन ड्राइव्ह फिरायचे. कंपनीने सोडून दिलेला गेम चाहत्यांनी अनेक वर्षं जिवंत ठेवला.

माझ्या डीएडच्या दिवसांत आमच्या खोलीवरच्या एका मित्राला हाच नाद होता. त्याने एका संघात आम्हा सगळ्या मुलांची नावं टाकली होती. त्याचं काम कसं चालायचं बघा. जर्सीचं चित्र रंगवायचं, फाईल गेमच्या फोल्डरमध्ये टाकायची, गेम सुरू करायचा, मॅच लावायची, खेळाडू जवळून बघायचा. खांद्यावरचा पट्टा वाकडा दिसला की गेम बंद करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका संध्याकाळी तो पंधरा-वीस वेळा मॅच लावायचा, पण एकही ओव्हर पूर्ण खेळायचा नाही!

म्हणजे तो गेम खेळत होता का? नाही, तो तपासत होता. खेळणं आणि तपासणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

बनवणाऱ्याची मजा कमी का होते?

याची मुख्य कारणं दोन.

१) गुपित आधीच माहीत असतं. मुलांनो, तुम्हीच कोडं तयार केलंत आणि तुम्हीच सोडवायला बसलात तर? उत्तर तर तुमच्याच डोक्यात आहे. गेममध्ये खजिना कुठे लपवला, दाराआड कोण उभा आहे, शेवटी काय होणार, हे मॉडरला ठाऊक असतं. खेळणाऱ्याला जो धक्का बसतो तो त्याला बसत नाही.

२) सारखं तपासून कंटाळा येतो. दिवसभर पुरणपोळ्या लाटणाऱ्या आईला विचारा. ती म्हणेल, "वासानेच पोट भरलं गं!" स्वयंपाक बिघडलेला नसतो. पण चव बघून बघून तिची भूक मेलेली असते. मॉडरचंही तसंच होतं. त्याची नजर मजेवर नसते, चुकांवर असते.

आपल्या ओझरच्या एचएएलचं उदाहरण घ्या. १९६४ पासून इथे विमानांचा कारखाना आहे. आधी मिग, नंतर सुखोई इथे तयार झाली. नवीन विमान पहिल्यांदा आकाशात नेतो तो चाचणी वैमानिक. तो वर जाऊन द्राक्षांचे मळे बघत बसत नाही. त्याचं लक्ष काट्यांवर, आवाजावर आणि तपासणीच्या यादीवर असतं. विमान उत्तम असलं तरी ते उड्डाण सहलीचं नसतं.

मग सगळ्याच मॉडरना कंटाळा येतो का?

नाही! इथेच खरी गंमत आहे. काही खेळ असे असतात की बनवणाऱ्यालाही पुढे काय होणार ते माहीत नसतं. असे खेळ त्यालाही मनापासून खेळता येतात.

सापशिडीच घ्या. आपल्याकडे जुना 'मोक्षपट' होता. परंपरेने तो संत ज्ञानेश्वरांशी जोडला जातो. त्यात शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण आणि शेवटी मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि तिथल्या लोकांनी त्यात आपल्या पद्धतीने बदल करून 'स्नेक्स अँड लॅडर्स' केला. म्हणजे आपली आजची सापशिडी हासुद्धा एका जुन्या खेळाचा मॉडच आहे. आता सांगा, ज्याने हा पट स्वतःच्या हाताने रंगवला, त्याला तो खेळताना कंटाळा येईल का? नाही येणार. कोणत्या घरात साप आहे हे त्याला पाठ आहे, पण फासा काय पडणार हे त्यालाही माहीत नाही.

दुसरं उदाहरण टेट्रिसचं. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह नावाच्या माणसाने हा गेम तयार केला. पाच-पाच चौकोन जोडलेल्या तुकड्यांचं एक जुनं कोडं त्याला आवडायचं. त्याने पाचाचे चार चौकोन केले, सात आकार घेतले आणि ते वरून खाली सोडले. पुढे त्यानेच सांगितलं आहे की, चुका शोधतोय असं दाखवत तो प्रत्यक्षात खेळतच बसायचा! का बरं? तर पुढचा तुकडा कोणता येणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं. शिवाय तुकडे वेगाने पडायला लागले की नियम माहीत असून उपयोग नसतो, हात चालावा लागतो.

तिसरं उदाहरण 'काउंटर-स्ट्राइक'. १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 'हाफ-लाइफ' या गेमचा मॉड म्हणून तो तयार केला. तो इतका लोकप्रिय झाला की मूळ गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच तो पुढे विकायला आणला. यात समोर खरा माणूस असतो. नकाशा तुम्ही काढला असला तरी समोरचा कुठून येईल हे तुम्हाला कसं कळणार? आपल्या गल्ली क्रिकेटसारखंच हे. 'एक टप्पा आऊट' हा नियम तुम्हीच काढला, पण पुढचा बॉल कसा उडेल हे तुम्हाला सांगता येत नाही. म्हणून स्वतः केलेल्या नियमांनी रोज खेळूनही मुलं कंटाळत नाहीत.

थोडक्यात लक्षात ठेवा:

• कथा, कोडं किंवा लपवाछपवी असेल तर बनवणाऱ्याला खेळण्याची मजा कमी मिळते.
• नशीब, कौशल्य किंवा समोर दुसरा माणूस असेल तर बनवणारासुद्धा इतरांइतकाच रमतो.
• 'मीच नेहमी जिंकेन' असा बदल केला तर ती मजा फार टिकत नाही. पुढे काय होणार ते आधीच ठरलेलं असतं ना!

बनवणाऱ्याला अजून एक अडचण येते

आपला गेम सोपा आहे की अवघड, हे बनवणाऱ्याला नीट कळत नाही. त्याला रस्ता पाठ असतो, म्हणून त्याला सगळं सोपंच वाटतं. निन्टेन्डो कंपनीने २०१५ मध्ये 'सुपर मारिओ मेकर' आणला. त्यात कोणीही मारिओची नवी पातळी तयार करू शकतो. पण एक अट होती. ती पातळी इतरांना देण्याआधी तुम्ही स्वतः ती खेळून पूर्ण करून दाखवायची. त्यामुळे अशक्य पातळी कोणाच्या गळ्यात पडत नसे. तरीही लोकांनी अशा काही पातळ्या बनवल्या की त्या पार करताना भलेभले रडकुंडीला आले. बनवणाऱ्याला जमलं म्हणजे सगळ्यांना जमेल असं नसतं.

शिक्षकांना हे लगेच पटेल. प्रश्नपत्रिका काढताना आपल्याला ती सोपी वाटते. मुलांच्या हातात गेली की मग कळतं!

बनवणाऱ्याची खरी मजा कुठे असते?

माझा तो मित्र स्वतः फार खेळायचा नाही. पण आम्ही खेळायला बसलो की तो मागे उभा राहायचा. आमच्यापैकी कोणाचं नाव स्क्रीनवर आलं आणि आम्ही ओरडलो की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पुरणपोळी स्वतः न खाता पंगतीत वाढणाऱ्या आईचा असतो ना, तसाच! आणि कोणी म्हणालं, "अरे, याची जर्सी चुकलीय," की तो लगेच वही काढायचा.

म्हणजे बनवणाऱ्याला मजा येतेच, फक्त ती तीन ठिकाणी वाटलेली असते. 'जमलं!' म्हणण्याच्या क्षणी, आपल्याला हवा तसा गेम समोर दिसण्यात आणि दुसऱ्याला खेळताना बघण्यात. खेळण्याची मजा ही त्याहून वेगळी, चौथी गोष्ट. ती कधी मिळते, कधी नाही.

पालकांसाठी आणि मुलांसाठी

पालकहो, मूल आठवडाभर खपून काहीतरी बनवतं आणि मग त्याकडे बघतही नाही. आपण लगेच म्हणतो, "एवढा वेळ घालवलास, आता खेळत का नाहीस? सगळं अर्धवट सोडायची सवयच आहे तुला." असं म्हणू नका. त्याचं काम कदाचित पूर्ण झालेलं असेल. त्यापेक्षा म्हणा, "मला खेळायला दे बरं." त्याला हवा असतो खेळणारा. तो घरातच मिळाला तर ते मूल पुढची गोष्ट बनवायला घेईल.

आणि मुलांनो, स्वतः बनवलेला गेम तुम्हाला कंटाळवाणा वाटला म्हणून तो वाईट आहे असं समजून फाडू किंवा पुसू नका. आधी मित्राला द्या. तो हसतो का, अडकतो का, पुन्हा मागतो का, ते बघा.

दोन गोष्टींची काळजी मात्र घ्या. अनोळखी ठिकाणाहून कुठलीही फाईल डाउनलोड करू नका, त्यात व्हायरस असू शकतो. इतरांबरोबर ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये बदल करून जिंकणं ही फसवणूक आहे, त्यात तुमचं खातं बंदही होऊ शकतं.

उपक्रम (इयत्ता चौथी ते सातवी)

वर्गाचे गट करा. प्रत्येक गटाने दोन खेळ बनवायचे. पहिला, कार्डशीटवर १ ते ३० घरांची स्वतःची सापशिडी. साप आणि शिड्या कुठे ठेवायच्या ते गटाने ठरवायचं. दुसरा, शाळेच्या आवारातला 'खजिना शोधा' चा नकाशा, पाच चिठ्ठ्यांसह. दोन्ही खेळ आधी स्वतः खेळा. मग दुसऱ्या गटाला द्या आणि दहा मिनिटं काही न बोलता, कुठलीही मदत न करता बघत राहा. नंतर वहीत लिहा:

१) स्वतःचा कोणता खेळ खेळताना मजा आली? कोणता खेळताना आली नाही? का?
२) दुसरा गट कुठे अडकला? तुम्हाला तिथे अडचण येईल असं वाटलं होतं का?
३) आता तुम्ही खेळात कोणता एक बदल कराल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलंत की तो बदल लगेच करा आणि खेळ तिसऱ्या गटाला द्या. तुमच्या वर्गात काय घडलं ते आम्हाला जरूर कळवा.