पिल्लाची आई कुठे असते?

आमच्या घरात सध्या दोन पेन्शनर राहतात. एक मी. छत्तीस वर्षे बँकेत काढून साठाव्या वर्षी रीतसर निवृत्त झालो. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळाले, चार माणसे खोटे का होईना, पण बरे बोलली. दुसरी पेन्शनर म्हणजे सोनी. ती सातव्या वर्षी निवृत्त झाली. तिचा निरोप समारंभ असा की, एका पावसाळी रात्री कुणीतरी तिला गाडीतून आणून बाह्यवळण रस्त्याच्या कडेला उतरवले आणि गाडी निघून गेली.

सोनी लॅब्रेडॉर जातीची कुत्री आहे. माझ्या मुलीने तिला प्राणिमित्रांच्या एका आश्रयगृहातून 'थोडे दिवस ठेवू' म्हणून आणले. थोड्या दिवसांची गोष्ट आपल्या घरात किती दिवस चालते, हे प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोटावरून हात फिरवला, दात पाहिले, पंजे उलटे करून पाहिले आणि म्हणाले, "काका, हिची निदान पाच-सहा वेतं झालीत. दोनदा पोट फाडलंय. हे दात बघा, पिंजऱ्याची जाळी चावून चावून झिजलेत. बोटं फाकलीत ती जाळीवर उभं राहून. ही कुणाची पाळलेली नव्हती. हिच्यावर धंदा चालत होता."

सोनीला जिना माहीत नव्हता. पहिल्या पायरीशी ती थरथरत उभी राहायची. गवतावर पाय ठेवला की उचलून घ्यायची. एवढा हॉल मोकळा असताना ती दाराजवळच्या कोपऱ्यात, चार फुटांच्या जागेत, गोल गोल फिरत राहायची. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. ते फिरणे पाहून मला अस्वस्थ वाटू लागले. घरातल्यांना वाटले, मला तिची दया येते आहे. खरे कारण वेगळे होते. असे गोल फिरणे मी पूर्वी एकदा पाहिले होते आणि त्याखाली सही करून आलो होतो.

ती गोष्ट आता सांगायला हरकत नाही.

मी बँकेत लागलो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. म्हशी, शेळ्या, बैल यांच्यासाठी कर्जे वाटली जात. प्रत्येक म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला असे. म्हैस दगावली तर तो बिल्ला कानासकट बँकेत येई, कारण बिल्ला नाही तर दावा नाही, असा विमा कंपनीचा नियम होता. टेबलावर कागदात गुंडाळलेला म्हशीचा कान ठेवून हमसून रडणारी बाई मी पाहिली आहे. योजनेत भानगडी पुष्कळ झाल्या, पण एक गोष्ट होती. म्हैस कितव्या वेताची, दूध किती देते, भाकड किती महिने राहील, याचा हिशेब आम्ही मांडत असू. भाकडकाळात हप्ता कसा भरणार, हेही विचारत असू. म्हणजे जनावराला विसावा लागतो, हे बँकेच्या कोष्टकालाही मान्य होते.

पुढे २००५ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एक तिशीच्या आतला तरुण कर्जप्रकरण घेऊन आला. उद्योग होता 'केनेल', म्हणजे कुत्र्यांची पैदास. त्याआधी २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागेमागे फिरणारा चपट्या नाकाचा पग कुत्रा घराघरांत पोचला होता आणि ज्याला त्याला तसले पिल्लू हवे झाले होते. तरुण हुशार होता, त्याचा प्रकल्प अहवाल नीटनेटका होता. आठ माद्या, वर्षाला प्रत्येकीची दोन वेते, एका वेताला विकण्याजोगी पाच पिल्ले. आठ गुणिले दोन गुणिले पाच, ऐंशी. पिल्लामागे सरासरी पाच हजार रुपये. चार लाख. मी ते आकडे तपासले. बेरजा-गुणाकारांत चूक नव्हती. पिंजऱ्यांवर दहा टक्के घसारा धरला होता. माद्यांवर काहीच धरला नव्हता. त्या तारेच्या पिंजऱ्यांपेक्षा लवकर झिजतील, हे ना त्याने लिहिले, ना मी विचारले. म्हशीच्या बाबतीत विचारले असते.

कर्ज मंजूर झाले. सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. मे महिना, वर पत्र्याचे छप्पर. दार उघडताच मुताचा उग्र दर्प डोळ्यांना झोंबला. पिंजरे एकावर एक दोन मजली रचलेले, तळालाही जाळी, म्हणजे घाण खाली पडावी आणि धुण्याचे श्रम वाचावेत. वरच्या मजल्यावरची घाण खालचीच्या अंगावर पडत होती. सगळ्या कुत्र्या भुंकत होत्या. एकच भुंकत नव्हती. ती गोल गोल फिरत होती.

"हिला काय झालं?" मी विचारले.

"काही नाही साहेब, सवय आहे तिची."

मी मोजले. आठ माद्या, आठ पिंजरे. शाखेत परतून अहवाल लिहिला, 'तारण मालमत्ता जागेवर आढळली. युनिटची स्थिती समाधानकारक.' ते खाते मुदतीआधी फिटले. माझ्या कारकिर्दीतल्या चांगल्या खात्यांपैकी ते एक. त्या तरुणाला मी दुष्ट म्हणणार नाही. तो घरी आईची सेवा करी, बँकेत कधी उर्मटपणे बोलला नाही. त्याने आकड्यांकडे पाहिले, मीही आकड्यांकडे पाहिले. दोघांच्या मध्ये ती कुत्री फिरत राहिली.

सोनी आल्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले, डॉक्टरांना पिडले. त्यातून उमजले ते वाचकांपुढे ठेवतो.

कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. गाभणकाळ जेमतेम दोन महिन्यांचा, त्रेसष्ट दिवसांच्या आसपास. त्यानंतर सहा-आठ आठवडे पिल्ले अंगावर पितात. म्हणजे प्रत्येक माजाला तिला भरवली, तर वर्षातले सात-आठ महिने ती पोटात तरी पिल्ले वागवते, नाहीतर अंगावर तरी पाजते. हाडांतले कॅल्शियम दुधावाटे जाते. ते फार घटले तर अंग ताठते, झटके येतात, आणि वेळेवर उपचार न झाल्यास बाळंतीण दगावते. पगसारख्या, डोके मोठे आणि कंबर अरुंद असणाऱ्या जातींत प्रसूती अडते आणि पोट फाडावे लागते. चपट्या नाकामुळे त्यांना धड श्वासही घेता येत नाही. आपण ज्या घोरण्याला 'किती गोड' म्हणतो, ती बहुधा त्या जीवाची हवेसाठी चाललेली धडपड असते. बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला हस्की विदर्भाच्या उन्हाळ्यात गॅलरीत बांधलेला दिसतो, त्याची कथा निराळी सांगायला नको.

पिल्लांचेही तेच. पिल्लू महिन्या-सव्वा महिन्याचे असताना सर्वांत गोंडस दिसते, म्हणून ते तेव्हाच विकले जाते. नेमके त्याच सुमाराला आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरू लागते आणि लसीचे संरक्षण अजून मिळालेले नसते. अशा फटीतून पार्व्हो शिरतो. १९७८च्या सुमारास जगभर पसरलेला हा रोग पिल्लाचे आतडे जाळतो. रक्ताची हगवण लागून ते दोन-चार दिवसांत जाते. त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो, त्यामुळे दाटीवाटीच्या केनेलमध्ये एक आजारी पिल्लू पुढच्या कित्येक वेतांना पुरते. शिवाय आईच्या आणि भावंडांच्या सहवासात पिल्लू चावा किती जोरात घ्यावा, कुठे थांबावे, हे शिकते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे चावरे किंवा भेदरट निघाले, की आपण म्हणतो, 'कुत्रं बिघडलं.'

आता कायद्याचे पाहू. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या विधेयकाची प्रेरणा होती. पुढे १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. पण त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ठरवलेला दंड होता १० ते ५० रुपये, आणि पुढे दशकानुदशके तो तेवढाच राहिला. एका पिल्लाच्या किमतीत असे किती दंड भरता येतील, हा हिशेब शाळकरी मुलगाही करील.

२०१६ साली व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आयात करण्यावर बंदी आली. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. ते मुळात चांगले आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, कुत्र्यांना ओळखीची चिप बसवायची, नोंदी ठेवायच्या, दीड वर्षाच्या आतली मादी भरवायची नाही, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही, विक्रीसाठी पिल्ले रस्त्यावर-बाजारात मांडायची नाहीत. माझ्या जुन्या म्हशीच्या कानातला बिल्ला कुत्र्याला मिळाला तो २०१७ साली! पण नियम वहीत आणि पिल्लू फोनवर, अशी स्थिती आहे. फोटो पाठवायचा, पैसे पाठवायचे, पिल्लू बसस्टँडवर खोक्यातून घ्यायचे. आई कुठे आहे, हे विचारायची पाळीच येत नाही.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट एका कुत्रीमुळे लोकांच्या ध्यानी आली. वेल्समधल्या एका पैदास-केंद्रातून २०१३ साली लूसी नावाची कुत्री सोडवली गेली. वारंवार विणवल्यामुळे तिचा कणा वाकला होता. ती २०१६ साली गेली, पण तिच्या नावाने चळवळ उभी राहिली आणि एप्रिल २०२०पासून तिथे दुकानदार आणि दलालांमार्फत पिल्ले विकण्यावर बंदी आली. पिल्लू हवे तर जिथे जन्मले तिथे जा, त्याला आईजवळ पाहा आणि घ्या. कायद्याचे सगळे सार एवढेच.

सगळेच पैदास करणारे वाईट असतात, असे मात्र समजू नका. आपल्याकडे मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी कुत्र्यांची जात जिवापाड जपली, म्हणून तर २००५ साली तिचे टपाल तिकीट निघाले. मराठवाड्यात, लातूरच्या बाजूला, करवानी कुत्री घरच्या लेकरासारखी वाढवणारी कुटुंबे आहेत. काही वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर मी असेच एका गृहस्थांकडे पिल्लू पाहायला गेलो होतो. त्यांच्याकडे दोनच कुत्र्या, त्याही ओसरीवर लोळत पडलेल्या. त्यांनी मित्राची अशी मुलाखत घेतली की, मी कधी कर्जदाराची घेतली नव्हती. घरात दिवसा कोण असते? गावाला गेलात तर कुठे ठेवाल? सोसायटीचा विरोध नाही ना? शेवटी म्हणाले, "नाही जमलं तर कुणाला देऊ नका, रस्त्यावर सोडू नका. मला परत आणून द्या." आणि एवढे होऊन पिल्लू लगेच दिले नाहीच. "अजून तीन आठवडे आईजवळ राहू द्या," म्हणाले. मित्र परतीच्या वाटेवर कुरकुरत होता. आज वाटते, खरा जबाबदार माणूस ओळखायचा तो असा. तो विकायची घाई करत नाही, आणि विकल्यावर हात झटकत नाही.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. कुत्र्याने पोळी पळवली, तर हे तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी पोळी खाऊ नकोस म्हणून. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण गुरुवारी हात जोडतो. एवढ्या मोठ्या भक्तीची आज कुणाकडून अपेक्षा नाही. अपेक्षा साधी आहे. मुलांच्या वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू आणू नका. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते, वाढदिवस एका दिवसाचा असतो. जमले तर आश्रयगृहातले किंवा गल्लीतलेच एखादे घरी आणा. आपल्या हवेत त्याच्याइतके काटक दुसरे नाही. विकतच घ्यायचे असेल, तर नोंदणीचा कागद मागा, आठ आठवडे थांबा आणि केनेल आतून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. घाण वास आला, आत सोडले नाही, तर दया येऊन एखादे पिल्लू 'सोडवून' आणू नका. तुम्ही मोजलेल्या पैशातून त्याच्या आईला पुन्हा भरवले जाते. तक्रार करा.

सोनी आता जिना चढते. गवतावर लोळते. सुरुवातीला तिला एक सवय होती. माझ्या नातीची चिंध्यांची बाहुली, माझे मोजे, सापडेल ते मऊ मऊ उचलून ती कोपऱ्यात गोळा करायची आणि त्यांना पोटाशी घेऊन पडायची. कुणी हात लावला तर गुरगुरायची नाही, नुसती बघायची. नात एकदा म्हणाली, "आजोबा, हिची खरी बाळं कुठं असतील?" मला उत्तर देता आले नाही. तिची तीस-चाळीस पिल्ले कुठल्या कुठल्या घरांत असतील. तिथल्या मुलांचे त्यांच्यावर प्रेमही असेल. त्यांच्यापैकी कुणीही सोनीला पाहिलेले नाही.

बँकेत जुना तपासणी अहवाल दुरुस्त करता येत नाही. फार तर त्याच्या खाली नवा शेरा लिहिता येतो. तो आज लिहितो आहे. आठ माद्या जागेवर आढळल्या. युनिटची स्थिती समाधानकारक नव्हती. अधिकाऱ्याने पाहिले होते.

वाचकहो, तुम्ही पिल्लू आणायला जाल तेव्हा रंग, कान, किंमत सगळे नंतर विचारा. आधी एवढेच म्हणा, "याची आई दाखवा." आणि ती दाखवेपर्यंत तिथून हलू नका.