पत्त्याची मुदत आणि नावाची नोंद : लेखांक सातवा

गेल्या आठवड्याच्या लेखांकात डीएचसीपी सर्व्हर संगणकास आयपी पत्ता कसा नेमून देतो, तो पत्ता कायमचा नसून ठरावीक मुदतीच्या लीजवर कसा असतो, आणि निम्मी मुदत सरताच संगणक आपण होऊन मुदतवाढीची मागणी कशी करतो, हे आपण पाहिले. आज ज्या बिघाडाचा विचार करावयाचा आहे, तो या व्यवस्थेचा आणि नावे सांभाळणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा मेळ तुटल्यामुळे उद्भवतो. आणि त्याचे स्वरूप असे फसवे असते, की दोन्ही सर्व्हर निरनिराळे तपासले असता आपापल्या नियमांप्रमाणे निर्दोष काम करीत असलेले आढळतात.

विंडोज सर्व्हरवर चालणाऱ्या एखाद्या कचेरीत हिशेब विभागाच्या संगणकाशी त्याच्या नावाने संबंध जोडू जावे, तर भलत्याच विभागाच्या संगणकाने उत्तर द्यावे. किंवा आयपी पत्ता लिहून फाइली बिनतक्रार उघडाव्यात, आणि तेच काम नावाने करू जाताच लक्ष्य खात्याचे नाव चुकीचे असल्याचा संदेश यावा, ही या बिघाडाची ठळक लक्षणे होत. दुसरे लक्षण पाहून पुष्कळ जण पासवर्डाच्या किंवा व्हायरसच्या मागे लागतात. वस्तुतः केर्बेरॉस पद्धतीत प्रवेशाचे तिकीट ज्या संगणकाच्या नावाने दिले जाते, त्याच संगणकाच्या गुप्त किल्लीने ते मोहोरबंद केलेले असते. नावाची नोंद जुनी असल्यामुळे ते तिकीट दुसऱ्याच संगणकाच्या हाती पडते, आणि त्याला ते उघडता येत नाही. सुरक्षाव्यवस्था येथे बिघडलेली नसून आपले काम चोख बजावीत असते.

म्हणून तपासाचा आरंभ तीन उताऱ्यांच्या पडताळणीने करावा. प्रथम फ्लशडीएनएस करून आपल्या संगणकाने साठवून ठेवलेली जुनी उत्तरे पुसावीत. मग एनएसलुकअपने नावावरून पत्ता, त्या पत्त्यावरून उलट नाव, आणि शेवटी डीएचसीपीच्या लीजच्या यादीत तो पत्ता आज कोणाच्या कब्जात आहे, हे पाहावे. या तिहींत जेथे विसंगती दिसेल, तेथेच दोष आहे.

या विसंगतीचे मूळ इतिहासात आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये डीएनएसची रचना मांडली, तेव्हा झोनमधील नोंदी माणसाने हाताने लिहाव्या आणि त्या दीर्घकाळ टिकाव्या, असेच गृहीत होते. मुदतीवर पत्ते देणारी डीएचसीपी त्यानंतर दहा वर्षांनी, 1993 मध्ये आली, आणि संगणकाने स्वतःच आपल्या नावाची नोंद करावी ही सोय 1997 मध्ये प्रमाणित झाली. एका दप्तराला काळाचे भान जन्मतः होते, दुसऱ्यास ते मागाहून शिकवावे लागले. कुळाचा पट्टा संपून नवे कूळ जमिनीवर यावे आणि तलाठ्याच्या दप्तरी फेरफार मात्र पडू नये, तशी ही अवस्था आहे.

आता मुदतींचा हिशेब पाहावा, कारण मर्म तेथेच आहे. विंडोजमध्ये लीजची मूळ मुदत 8 दिवसांची असते. डीएनएसमधील नोंदीला वेळेचा शिक्का असतो. शिक्का बसल्यापासून 7 दिवस तो नव्याने बसू दिला जात नाही, कारण प्रत्येक शिक्क्याची प्रत इतर सर्व्हरांकडे धाडणे व्यर्थ ठरते. पुढील 7 दिवस तो बसण्याची वाट पाहिली जाते. आणि मगच ती नोंद जुनी ठरून झाडणीस, म्हणजे स्कॅव्हेंजिंगला, पात्र होते. झाडणीही मूळ नेमणुकीप्रमाणे 7 दिवसांतून एकदाच होते. म्हणजे पत्ता नवव्या दिवशी दुसऱ्यास मिळू शकतो, आणि जुने नाव मात्र पंधरवडा, क्वचित तीन आठवडे, त्याच पत्त्याकडे बोट दाखवीत राहते. शिवाय झाडणी मुळात बंदच असते. ती झोनवर आणि सर्व्हरवर अशी दोन्हीकडे चालू करावी लागते, आणि एकीकडेच चालू करून निश्चिंत राहिलेले व्यवस्थापक थोडेथोडके नाहीत.

परंतु मुदतींचा मेळ घालूनही भागत नाही, कारण मालकीचा प्रश्न उरतोच. मूळ रचनेत नावावरून पत्ता सांगणारी नोंद संगणक स्वतः करतो, आणि पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद डीएचसीपी सर्व्हर करतो. सुरक्षित झोनमध्ये जो नोंद लिहितो त्यालाच ती बदलता येते. साहजिकच लीज संपल्यावर डीएचसीपी आपली उलट नोंद पुसतो, पण संगणकाच्या मालकीच्या नोंदीला हात लावण्याचा त्यास अधिकार नसतो. आणि तो संगणक तर बंद पडलेला किंवा दूरगावी गेलेला असतो. एका पत्त्यावर दोन नावे, पण उलट नोंदीत एकच, असे दिसले की हेच घडले आहे असे समजावे.

यावर उपाय म्हणून सर्व नोंदी डीएचसीपीनेच कराव्यात आणि लीज सरताच त्यानेच पुसाव्यात, अशी नेमणूक करावी. त्यासाठी सामान्य अधिकारांचे एक स्वतंत्र खाते काढून, डीएचसीपीचे दोन सर्व्हर असल्यास दोघांनाही तेच द्यावे, म्हणजे एकाची नोंद दुसऱ्यास परकी राहत नाही. वायफायवर काही तासांच्याच लीज देणाऱ्या ठिकाणी तर, माझ्या मते, हा एकच मार्ग खरा आहे. दिवसांच्या मापाने चालणारी झाडणी तेथे पुरी पडणे शक्य नाही. तारेच्या जाळ्यावर 8 दिवसांच्या लीजशी शिक्क्याचे दोन्ही काळ चार-चार दिवसांचे ठेवले, तर दोन्ही दप्तरे बऱ्याच अंशी बरोबरीने चालतात.

झाडणी चालू केल्यावर दुसऱ्याच दिवशी फळ पाहू नये. घटनांच्या नोंदवहीत 2501 हा क्रमांक आला तर झाडणीत नोंदी तपासल्या गेल्या असे समजावे, आणि 2502 आला तर एकही तपासली गेली नाही असे समजावे. झाडणी चालू करण्याआधी डीएनएस व्यवस्थापनाच्या प्रगत दृश्यात सर्व नोंदींचे शिक्के डोळ्यांखालून घालावेत. छापयंत्रे, जुने सर्व्हर यांच्या हाताने लिहिलेल्या नोंदींना शिक्का नसतो आणि म्हणून झाडणी त्यांना वगळते. डीएनएससीएमडी या आज्ञेतील एजऑलरेकॉर्ड्स हा पर्याय त्यांनाही शिक्का मारतो, तो शिक्का पुढे कोणीच ताजा करीत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्या सर्व नोंदी एकदम नाहीशा होतात. उताविळीने ही आज्ञा कोणीही देऊ नये, अशी वाचकांस कळकळीची विनंती आहे.