डबा तोच, वाढणी वेगळी

पहिल्या पाळीसाठी निगडी, आकुर्डी, भोसरीच्या घरांत पहाटे साडेचारलाच गॅस पेटतो. कंपनीची बस कुणासाठी थांबत नाही, म्हणून पाच पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि वर दाबून भात असा डबा घाईघाईत भरला जातो. अशा घरात कुणी ‘डाएट’ धरले की ओट्स, किनोआ, सॅलड यांची दुसरी चूल मांडली जाते आणि पंधरवड्यात विझते. वजन कमी करायला स्वयंपाक वाढवावा लागत नाही, तो सोपा करावा लागतो. त्याच्या आड येतात ते काही घट्ट बसलेले समज.

गैरसमज : वजन उतरवायचे तर वेगळे पदार्थ लागतात.

वस्तुस्थिती : पोळी, भाजी, वरण, ताक यांत काही चूक नाही. चूक आहे वाढणीत. आयसीएमआरच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २००० उष्मांकांच्या दिवसासाठी तिने सुचवलेले माप असे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम.

आता पहाटेचा डबा मोजून पाहा. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक लागते. पाच पोळ्यांची झाली १५० ग्रॅम. सोबत शंभर ग्रॅम तांदळाचा भात धरला, तर दिवसभराचे धान्य दुपारच्या एकाच जेवणात संपले. त्यात भाजी बटाट्याची. चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध असला, तरी ताटात बटाट्याचा हिशोब भाजीत नव्हे, पिष्टमय पदार्थांत धरायचा. म्हणजे पोळीशी पोळीच खाल्ल्यासारखे. त्याच डब्यात तीन पोळ्या, मटकीची उसळ, मेथी किंवा कोबीची भाजी आणि चिरलेली काकडी असली, की नवा पदार्थ एकही न करता जेवण बदलते. उसळीतल्या प्रथिनांनी आणि चोथ्याने पोट जास्त वेळ भरलेले राहते, त्यामुळे चार वाजता वडापावच्या गाडीकडे पाय वळत नाहीत.

गैरसमज : पोळी सोडून भाकरी धरली की वजन उतरते.

वस्तुस्थिती : ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांचे कोरडे वजन सारखे घेतले तर उष्मांकही जवळपास सारखेच भरतात. ज्वारी-बाजरीत चोथा चांगला असतो आणि भाकरीला तेल लागत नाही, हे तिचे गुण खरे. पण एका भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ सहज लागते, म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची. ‘फक्त तीनच भाकऱ्या खातो’ म्हणणाऱ्याच्या पोटात सहा पोळ्यांचे धान्य गेलेले असते. तीच गत गुळाची. साखरेऐवजी गूळ घातल्याने चहाची चव बदलते, उष्मांक फारसे बदलत नाहीत.

गैरसमज : आमचे काम अंगमेहनतीचे, खाल्लेले सगळे जिरते.

वस्तुस्थिती : हमाली किंवा फाउंड्रीतले काम वेगळे. सीएनसी मशीनसमोर, असेंब्ली लाइनवर किंवा तपासणीच्या टेबलाशी आठ तास उभे राहून थकवा खूप येतो, पण त्या मानाने ऊर्जा कमी खर्च होते. दमणे आणि जिरणे या दोन गोष्टी आहेत. सत्तर किलोच्या माणसाने तासभर साध्या चालीने चालावे तेव्हा दोनशे-सव्वादोनशे उष्मांक खर्ची पडतात. एका वडापावचे तीनशेच्या आसपास होतात.

चहा तर हिशोबात कुणी धरतच नाही. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे दहा चमचे, पन्नास ग्रॅम साखर, दोनशे उष्मांक. जागतिक आरोग्य संघटनेने २००० उष्मांकांच्या आहारात वरून घातलेल्या साखरेची जी कमाल मर्यादा सांगितली आहे, ती नेमकी एवढीच. त्याच्या निम्म्यावर आले तर अधिक चांगले, असेही ती म्हणते.

गैरसमज : उपास केला की आठवड्याचा हिशोब चुकता होतो.

वस्तुस्थिती : या पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते आणि कित्येकांचा उपासही गुरुवारीच. घरी निवांत बसून बशीभर साबुदाण्याची खिचडी होते, संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे उष्मांक आणि नावापुरती प्रथिने. त्यावर दाण्याचे कूट आणि तूप पडले की उपासाचा दिवस इतर दिवसांपेक्षा जड होतो. राजगिरा, भगर, दही, ताक, फळे यांवर उपास सुटसुटीत निभतो.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोचलेल्या ‘दोन वेळा जेवा’ या सल्ल्यात मधला चहा, बिस्किटे, फरसाण बंद होते, हा फायदा उघड आहे. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. साखर एकाएकी खाली येऊ शकते.

गैरसमज : रात्रपाळीत दाबून जेवले नाही तर काम होत नाही.

वस्तुस्थिती : रात्री शरीराची साखर हाताळण्याची क्षमता उतरलेली असते. २०२१ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखे वेळापत्रक दिले होते. रात्रीही जेवणाऱ्यांच्या रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. प्रयोग छोटा आहे, पण त्यातून दिशा कळते. मुख्य जेवण घरून निघण्याआधी करावे आणि मध्यरात्री ताक, फुटाणे, उकडलेले अंडे किंवा एखादे फळ एवढ्यावर भागवावे. भाताचे ताट सकाळी घरी वाट पाहील.

गैरसमज : कॅन्टीन आणि मेसचे जेवण आपल्या हातात नाही.

वस्तुस्थिती : १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कॅन्टीनची तरतूद केली आणि तिच्या कारभारात कामगारांच्या प्रतिनिधींनाही जागा ठेवली. कॅन्टीनच्या समितीत पगारवाढीइतक्या जोराने नव्हे, पण एकदा तरी ‘भाजीवरचा तवंग कमी करा, रोज कोशिंबीर ठेवा’ असे म्हणता येते. महाळुंगे, खराबवाडीकडे कॉट बेसिसवर राहणाऱ्या आणि मेसवर जेवणाऱ्या पोरांना तेवढाही आवाज नसतो. त्यांनी क्रम तरी बदलावा : आधी काकडी-मुळा, मग वाटीभर जास्तीची डाळ, मग पोळी, आणि भात दुसऱ्यांदा घ्यायचा नाही. अमर्याद थाळीचे पैसे वसूल करायचे तर डाळीत करावेत.

गैरसमज : मनावर ताबा नसेल तर हे जमत नाही.

वस्तुस्थिती : पहाटे साडेचारला कुणाच्याच मनावर ताबा नसतो, म्हणून ठरवायचे ते सुट्टीच्या दिवशी. आठवड्यासाठी तीन डबे पक्के करा आणि तेच फिरवा. दोन कडधान्ये भिजवून, मोड आणून फ्रिजमध्ये ठेवा. पालेभाजी निवडून ठेवा. तेलाची बाटली न उलटता चमचा वापरा. वरच्या मापाने चौघांच्या घराला महिन्याला साडेतीन लिटरच्या आसपास तेल पुरते. सहा पिशव्या संपत असतील तर वजन कुठून येते ते शोधायला डाएटिशियन नको, किराण्याची यादी पुरे. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी वेग चांगला समजावा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच पातेल्यातले खावे. एकासाठी वेगळे शिजवावे लागते ती पद्धत फार दिवस चालत नाही, कारण ते शिजवणारीलाही पहिल्या पाळीआधीच उठावे लागते.