उतारवयाचा हिशेब – ५ : बक्षीसपत्रावर सही करण्याआधी

मागच्या आठवड्यात पेन्शन आणि मुदत ठेवींच्या व्याजाचा हिशेब पाहिला. आज मुलांना द्यायच्या पैशाकडे आणि जमिनीकडे वळू. धानाचे चुकारे खात्यात जमा झाले की गोंदिया जिल्ह्यातल्या घराघरांत हा विषय निघतो. थोरल्याला नागपुरात फ्लॅट घ्यायचा असतो, धाकट्याला ट्रॅक्टर हवा असतो, लेकीकडे नातीचे लग्न ठरलेले असते. आणि वडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘‘मुलाला दहा लाख दिले तर टॅक्स लागेल का?’’

लागत नाही. देणाऱ्यावर लागणारा बक्षीस कर १९५८ च्या कायद्याने आला आणि १ ऑक्टोबर १९९८ पासून संपला. आता आयकर खाते पाहते ते घेणाऱ्याकडे. कोणाला वर्षभरात ५० हजारांहून अधिक रक्कम फुकट मिळाली, तर ती सगळी त्याचे उत्पन्न धरली जाते; पण ती नातेवाइकाने दिली असेल तर कितीही मोठी असो, करमुक्त. आईवडिलांकडून मुलगा, मुलगी, सून, जावई, नातवंडे यांना मिळालेले सगळे यात येते. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा नवा कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, हे तत्त्व मात्र कायम राहिले.

‘नातेवाईक’ कोण याची कायद्याची यादी मात्र आपल्या घरातल्या यादीशी जुळत नाही. काकाने पुतण्याला पैसे दिले तर करमुक्त, कारण आईवडिलांची भावंडे यादीत आहेत. उलट पुतण्याने म्हाताऱ्या काकाला औषधपाण्यासाठी वर्षात ५० हजारांहून जास्त दिले, तर ते काकाचे करपात्र उत्पन्न ठरू शकते, कारण भावंडांची मुले यादीत नाहीत. मूलबाळ नसलेल्या कितीतरी वृद्धांना पुतणे-भाचेच सांभाळतात. हा नियम बदलायलाच हवा, असे मला वाटते.

सुनेच्या नावावर ठेव करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सासूसासऱ्यांनी सुनेला दिलेल्या पैशाचे व्याज सासूसासऱ्यांच्याच उत्पन्नात मोजले जाते. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिले तर व्याज त्यांचे. अज्ञान नातवाच्या नावावर ठेवले तर ते त्याच्या आईच्या किंवा वडिलांच्या उत्पन्नात जाते.

रोख देणे टाळा. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर जितकी रक्कम तितकाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो, आणि बापलेकांना यातून सूट नाही. पैसे बँकेतून पाठवा आणि साध्या कागदावर लिहून ठेवा की ही भेट आहे की उसने. उद्या भावाभावांत वाद झाला तर तो बहुधा याच एका गोष्टीवरून होतो.

जमीन विकून पैसे वाटायचे असतील तर कर वाटणीवर नसतो, विक्रीवर असतो. खेड्यातली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर नाही. पण गोंदिया शहराची लोकसंख्या लाखाच्या वर असल्याने नगरपालिकेच्या हद्दीपासून ६ किलोमीटरपर्यंतची शेती या सवलतीत बसत नाही. हे अंतर सरळ रेषेत मोजतात. कुडवा, फुलचूर अशा शहराला लागलेल्या गावांत जमिनीचे भाव चढलेले आहेत, तिथल्या शेतकऱ्याने सौदा होण्याआधीच कर सल्लागाराला गाठावे. आणि जमीन न विकता मुलाला बक्षीस दिली, तर पुढे तो विकेल तेव्हा वडिलांची मूळ खरेदी किंमतच त्याची किंमत धरतात.

इथपर्यंत सगळे आकड्यांचे झाले. मला खरी काळजी वाटते ती पुढच्या भागाची.

महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस द्यायची असेल तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. नोंदणीचा बाकी खर्च धरूनही व्यवहार स्वस्तच पडतो. टॅक्स नाही, स्टॅम्प नाही, मग आजच करून टाकू, असे म्हणत माणसे रजिस्ट्रीला जातात आणि संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांच्या नावावर काहीच उरलेले नसते. फेरफार झाला की सातबाऱ्यावरून नाव जाते. सातबारा गेला की धान केंद्रावर स्वतःच्या नावाने विकता येत नाही, पीएम किसानचा हप्ताही अडतो. बँकेतली ठेव मुलाच्या नावावर गेली की ज्येष्ठांना मिळणारे सुमारे अर्धा टक्का जास्तीचे व्याजही गेले. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात खरे. पण नागपूरला नेण्याआणण्याचा, सोबत राहणाऱ्याचा, रोजच्या गोळ्यांचा खर्च कार्ड देत नाही.

यावर उपाय कायद्यात आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा २००७ चा. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर साठीच्या पुढच्या माणसाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. मालमत्तेत पैसाही आला, वडिलोपार्जितही आली. कायदा सर्व धर्मांना, सर्व जमातींना सारखाच लागू आहे. देवरी-सालेकसाच्या गोंड कुटुंबांनाही. पण हा कायदा अमलात येण्याआधी झालेले बक्षीस या कलमात बसत नाही.

सगळे अडते ते ‘अट’ या शब्दापाशी. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईचा दावा मान्य केला नाही, कारण सांभाळाची अट होती हे दाखवताच आले नाही. २ जानेवारी २०२५ रोजी मात्र त्याच न्यायालयाने शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या आईला घर परत दिले. तिने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते आणि त्याच दिवशी मुलाने सांभाळ करीन असे वचनपत्र लिहून दिले होते. न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार आणि संजय करोल यांनी सांगितले की हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, तो उदारपणे वाचायला हवा. पण कोर्टाच्या उदारपणावर विसंबून सही कशाला करायची? दस्तातच लिहा: देणारा आणि त्याची पत्नी यांना हयातभर अन्न, निवारा, औषधोपचार आणि देखभाल घेणाऱ्याने द्यायची आहे, त्याच अटीवर हे बक्षीस आहे. शिवाय हयातीपर्यंत घरात राहण्याचा आणि बांधीचे उत्पन्न घेण्याचा हक्क राखून ठेवता येतो. ‘प्रेमापोटी देत आहे’ एवढेच लिहिलेल्या छापील मसुद्यावर सही करू नका.

मुलगा दुखावेल म्हणून अनेक जण अट लिहायला संकोचतात. पण अट सांभाळणाऱ्या मुलाला तिचा काही त्रास होत नाही. आणि लेकींना अंधारात ठेवून दस्त करू नका. हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांत वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित शेतीत त्यांचा मुलांइतकाच हक्क आहे आणि तो हिस्सा वडिलांना एकट्याने बक्षीस देता येत नाही.

माझे मत विचाराल तर राहते घर हयातीत देऊच नये, मृत्युपत्राने द्यावे. पैसे द्यायचे तर टप्प्याटप्प्याने द्यावेत, आणि दोघांच्या उरलेल्या आयुष्याचा औषधखर्च आधी बाजूला काढून.

ज्यांचे सगळे आधीच देऊन झाले आहे, त्यांनी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. निर्वाह न्यायाधिकरण तेच असते. जिल्ह्यात गोंदिया, तिरोडा, देवरी आणि मोरगाव अर्जुनी इथे ही कार्यालये आहेत. अर्ज स्वतः करता येतो, नाही तर विश्वासातल्या माणसाकडून वा संस्थेकडून. निर्वाहभत्ता महिन्याला १० हजारांपर्यंत मिळू शकतो आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो. जाताना बक्षीसपत्राची प्रत, वयाचा पुरावा, दवाखान्याची बिले आणि बँकेचे पासबुक सोबत न्या.

(पुढील भागात : मृत्युपत्र आणि साक्षीदार)